उतरता आलं पाहिजे

सकाळचे साडेसहा वाजलेत. सरदारपूरला महीच्या पुलाअलीकडे, रस्त्याच्या कडेला काका उभे आहेत. दोन्ही हातांनी हँडल गच्च धरलंय आणि उजवा पाय मागून सीटवरून पलीकडे टाकायचा प्रयत्न चाललाय. पाय कॅरिअरपर्यंत जातो, तिथे अडतो, खाली येतो. पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेला सायकलच कलली. साधी सायकल असती तर त्यांनी सहज सावरली असती. ही बॅटरीची, २४ किलोंची. मी आणि मावशी धावलो, तिघांनी मिळून ती उभी केली. काकांना लागलं नव्हतं, पण चेहरा उतरला होता.

"चालवता येते गं मला," ते म्हणाले. "चढता येत नाहीये."

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. वय ७१. मध्य प्रदेशच्या जलसंसाधन खात्यात त्यांची नोकरी झाली आणि त्यातली निम्मी कालव्यांच्या कडेने, सायकलवर. आता डावा गुडघा झिजलाय, उजवा खुबा आखडलाय. डॉक्टरांनी सांगितलं, फार चालू नका, सायकल मात्र चालेल. सायकलवर शरीराचा भार सीट घेते, गुडघ्याला दणके बसत नाहीत. म्हणून शेजारच्या मुलाची सायकल आणली होती: उंच, आडव्या दांडीची, जाड टायरांची, दिसायला रुबाबदार.

अंकाच्या संपादकांनी यंदाचा विषय दिला 'साठीनंतर पहिल्यांदा'. मला मावशी-काकांचं आठवलं, कारण दोन महिन्यांपासून फोनवर एकच विषय चालला होता, कुठली बॅटरीची सायकल घ्यायची. मी देवासहून निघाले तेव्हा वहीत प्रश्न लिहून घेतले होते. एका चार्जिंगमध्ये किती जाते, किंमत किती, कंपनी कुठली. पुलाजवळचे ते तीन प्रयत्न बघितले आणि वहीतला क्रम बदलावा लागला.

पठारावरचे चढ

सरदारपूर धारच्या पश्चिमेला, चाळीसेक किलोमीटरवर. इंदूरहून अहमदाबादला जाणारा महामार्ग इथून जातो. एके काळी इथे माळवा भिल्ल पलटणीची छावणी होती. आसपासचा अमझेऱ्याचा मुलूख १८५७ नंतर शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात आला; अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह यांना इंग्रजांनी १८५८ साली इंदूरला फाशी दिलं. इकडे धारला पवार, तिकडे ग्वाल्हेरला शिंदे, तेव्हा कारकुनी आणि मोजणीच्या कामांवर मराठी घरं या भागात आली आणि काही राहिली. मावशीच्या सासरचं त्यांतलंच एक.

मही नदी याच तालुक्यात, विंध्याच्या उतारावर उगम पावते. गावाजवळ ती अजून लहान आहे, उन्हाळ्यात तर नुसती धार. पुढे ती राजस्थानात जाऊन वळण घेते आणि गुजरातेत खंभातच्या आखाताला मिळते. या वळणामुळे कर्कवृत्त दोनदा ओलांडते. नदीपाशी उतार आणि नदी ओलांडली की चढ, हे इथल्या प्रत्येक रस्त्याचं रूप. माळव्याचं पठार सपाट आहे असं म्हणायची पद्धत आहे. ते मोटारीतून जाणाऱ्यांचं मत. सायकलवर बसलेल्या माणसाला हे पठार मंद लाटांसारखं लागतं: अर्धा किलोमीटर आपसूक जातो आणि पुढचा अर्धा मांड्या सांगतात.

काकांना जायचं होतं ती ठिकाणं काही फार लांबची नव्हती. राजगडजवळचं मोहनखेड्याचं जैन तीर्थ, भोपावरचं शांतिनाथांचं मंदिर, आणि पावसाळ्यात पानपुऱ्याकडचं गवताळ रान. खरमोर नावाचा, आता फार थोडा उरलेला पक्षी पावसाळ्यात या गवतात विणीला येतो. नर गवतातून सरळ वर उडी मारतो, मादीला दिसावा म्हणून. त्याच्यासाठी इथे १९८३ साली अभयारण्य झालं. नोकरीत असताना काकांनी तो कालव्याच्या बांधावरून पाहिलेला. "मोटरसायकलच्या आवाजाला तो दबून बसतो," ते म्हणतात. "सायकलला नाही." या वयात त्यांना सायकल हवी होती ती अशा कामासाठी. कुठे वेळेवर पोचायचं नव्हतं.

चढाचं गणित मी त्यांच्याचकडून करून घेतलं. हिशेबाचा माणूस आहे. माणूस आणि सायकल मिळून ९५ किलो धरले, शंभर मीटरला चार मीटरचा चढ धरला आणि वेग ताशी १२ किलोमीटर ठेवायचा म्हटलं, तर साधारण १६५ वॅट ताकद लागते. सत्तरीतला धडधाकट माणूस धाप न लागता ६०-७० वॅट देऊ शकतो. मधली ९५-१०५ वॅटची उणीव ही मोटरने भरायची. सपाटीवर हाच माणूस स्वतःच्या जोरावर आरामात जातो, मोटरची गरजही पडत नाही. म्हणजे मोटर हवी ती चढापुरती आणि उलट्या वाऱ्यापुरती. हे एकदा कागदावर दिसलं की "जास्तीत जास्त ताकदीची द्या" ही मागणी आपोआप मागे पडते.

लूनाचे पायडल

धार जिल्ह्यात दुचाकीचा विषय निघाला की पिथमपूर येणारच. १९८० च्या दशकात फिरोदियांच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर कायनेटिक होंडा स्कूटर काढली ती पिथमपूरच्या कारखान्यातून. बटण दाबलं की सुरू होणारी, गिअर नसलेली गाडी तेव्हा नवलाची होती. मावशी ती चालवायला शिकली नाही. काकांनी चालवली, विकली. पण त्याआधीची, १९७२ सालची कायनेटिकचीच लूना दोघांच्याही जास्त जवळची. नगर-पुण्याकडच्या कुठल्याही मराठी घरात लूनाची एक तरी आठवण निघते, तशी ती इथेही निघाली. लूनाला पायडल होते. पायडल मारून ती सुरू करायची, पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी आणायची.

म्हणूनच घोळ होतो. आज कोणी 'इलेक्ट्रिक बाईक' म्हटलं की एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू येतात, आणि दुकानात गेलेल्या ज्येष्ठ माणसाला भलतीच गाडी मिळते. एक, बॅटरीवरची पूर्ण स्कूटर किंवा मोपेड. २०२४ साली आलेली ई-लूना यातली: नाव लूना, पण नंबरप्लेट आणि लायसन्स लागणारं वाहन. दोन, मंद वेगाची छोटी स्कूटर, जिला पायडल नसतात किंवा नावापुरते असतात. तीन, बॅटरीची सायकल, जिच्यात पाय फिरवायचे असतात आणि मोटर हातभार लावते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनी रेष आखून दिली आहे. मोटरची ताकद पाव किलोवॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ते वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. नोंदणी, लायसन्स, विमा यांची सक्ती नाही. पायडलला हातभार लावणाऱ्या सायकलीसाठी अट अशी की वेग वाढेल तशी मोटर हात आखडता घेत जावी आणि २५ ला पोचल्यावर, किंवा पाय थांबल्यावर, बंद व्हावी. दुकानदार कानाशी येऊन "साहेब, एक वायर काढली की पस्तीसने पळते" म्हणाला तर ती वायर काढू देऊ नका. ती काढल्यावर सायकल कायद्याच्या रेषेपलीकडे जाते आणि अपघात झाला तर आपल्या बाजूने कागद उरत नाही.

काकांच्या डॉक्टरांनी सायकल सांगितली होती ती गुडघ्याभोवतीचे स्नायू हलते राहावेत म्हणून. नुसतं बसून जायचं असेल तर स्कूटर चांगली. हा प्रश्न घरातच, दुकानात जाण्याआधी, एकमेकांना विचारून घ्यावा: पाय फिरवायचेत की नाही?

इंदूरच्या दुकानात

राजगडला साध्या सायकली मिळतात, बॅटरीच्या बघायला इंदूर गाठावं लागलं. दुकानात ओळीने दहा-बारा उभ्या होत्या. लुधियानाच्या हीरोची लेक्ट्रो, पुण्याच्या ई-मोटोराडच्या, आणखी काही. पंचवीस-तीस हजारांपासून सुरुवात, बऱ्यापैकी सायकल चाळीस ते साठ हजारांत, आणि त्यापुढे लाखाच्या वर जाणाऱ्याही.

दुकानातला मुलगा आदबशीर होता. "बाबूजी, पहले बैठ के देखिए," म्हणाला आणि समोर आणली तीच उंच दांडीची. मावशी मध्ये पडली. कोपऱ्यात एक सायकल होती, मधली दांडी खाली वाकवलेली, पाय समोरून सहज आत जाईल अशी. "ती काढ रे बाळा."

"ती लेडीज आहे," काका म्हणाले.

"तुम्हाला सायकल हवी आहे की दांडी?"

दुकानात क्षणभर कुणी बोललं नाही. मग काका पुढे झाले. पाय मागे टाकावा लागला नाही. समोरून आत घातला, उभे राहिले, बसले. मी मोबाइलवर वेळ बघत होते: चार सेकंद. मग उतरले, पुन्हा चढले. त्या मुलाला मी सांगितलं की आम्ही हे दहा वेळा करणार आहोत. तो हसला नाही, खुर्ची घेऊन बसला. सातव्या वेळेलाही काकांचा खुबा अडला नाही.

खाली वाकवलेल्या दांडीचा खरा फायदा चढण्याहूनही उतरण्यात आहे. सायकल चालवताना गुडघा सुखात राहायचा असेल तर सीट पुरेशी उंच हवी. सीट फार खाली असली तर प्रत्येक फेरीला गुडघा जास्त दुमडतो आणि दुखतो. पण सीट उंच असली तर थांबताना पाय जमिनीला पोचत नाहीत. तरुण माणूस थांबता थांबता सीटवरून पुढे सरकतो आणि दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभा राहतो. आखडलेल्या खुब्याच्या माणसाला मध्ये दांडी असली की ते नीट जमत नाही. तो सीटवरूनच पाय लांबवतो, सायकल कलते आणि पडतो. दांडी मध्ये नसेल तर पुढे सरकून दोन्ही पावलं पूर्ण टेकता येतात. गुडघाही सांभाळला जातो, तोलही. एका वाकवलेल्या नळीने दोन अडचणी सोडवल्या होत्या आणि पुरुषांनी तिला 'लेडीज' म्हणून बाजूला सारलं होतं.

मोटर कधी ढकलते

मोटर कुठे बसवली आहे यावर दुकानदार बरंच बोलतात. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत ती मागच्या चाकाच्या मध्यात असते. ही रचना साधी आणि स्वस्त आहे, सपाट मुलखाला पुरेशी. पायडलपाशी, सायकलच्या पोटात बसवलेली मोटर चढावर चांगली, कारण तिला गिअरचा फायदा मिळतो. पण ती महाग आहे आणि बिघडली तर आडगावी दुरुस्ती अवघड. पुढच्या चाकातली मोटर वाळू-मातीत चाक घसरवू शकते, ती मी कुणाही ज्येष्ठाला सुचवणार नाही.

याहून महत्त्वाचं पण कमी बोललं जाणारं म्हणजे मोटरला कसं कळतं की आता ढकलायचं आहे. स्वस्त सायकलीत पायडलच्या आसाशी लोहचुंबकाची एक चकती असते. पाय फिरतात एवढंच तिला कळतं, किती जोराने ते नाही. त्यामुळे पाय फिरायला लागल्यावर क्षणभराने एकदम ढकललं जातं, आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलणं चालू राहतं. सरळ रस्त्यावर याची सवय होते. अरुंद गल्लीत वळताना, म्हशीच्या शेपटीमागे हळू जाताना हाच क्षण धोक्याचा. महागड्या सायकलीत पायाचा दाब मोजला जातो. जितकं आपण देतो त्या प्रमाणात मोटर देते. ती चालवताना आपलेच पाय वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटतं, मोटरची जाणीवच होत नाही.

काकांच्या पैशांत दुसऱ्या प्रकारची बसत नव्हती. मग आम्ही दुकानामागच्या गल्लीत पहिल्याच पायरीवर, सगळ्यात कमी मदतीवर, सायकल पूर्ण वळवून पाहिली. एका सायकलीने वळणावर झटका दिला, ती बाद. दुसरी हलक्या हाताने निघाली. शिवाय ब्रेकची मूठ दाबताच मोटर तत्क्षणी बंद होते का, तेही पाहिलं: मागचं चाक उचलून फिरवलं, मूठ जराशी दाबली. ही सोय नसलेली सायकल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

ब्रेक दोन्ही चाकांना डिस्कचे असावेत. तेलावर चालणारे डिस्क ब्रेक दोन बोटांनी लागतात. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे त्यांना तारेच्या ब्रेकपेक्षा ते सोपे जातात. तारेचे असले तर मूठ हँडलच्या जवळ आणून बसवता येते. दुकानातच आपल्या बोटांच्या मापाने ती करून घ्यावी. मावशीने बोटं लावून पाहिली. तिचा हात लहान, बोटं टोकापर्यंतच पोचत होती. स्क्रू फिरवल्यावर नीट पोचली. तिने का पाहिलं ते मला तेव्हा लक्षात आलं नाही.

बॅटरीचं घर

बॅटरीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. दोन्हींचा गुणाकार करायचा, मग टाकीत किती आहे ते कळतं. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-तास. हलक्या मदतीवर, पाय मारत गेलं तर किलोमीटरला आठ ते बारा वॅट-तास जातात, म्हणजे ३० ते ४५ किलोमीटर. जाहिरातीत याहून बराच मोठा आकडा असतो. तो सपाट रस्त्याचा, हलक्या माणसाचा आणि नव्या बॅटरीचा. घरून सगळ्यात लांब जिथे जायचंय ते जाऊन-येऊन अंतर दुप्पट करावं आणि तेवढी बॅटरी घ्यावी. काकांचा सगळ्यात लांबचा फेरा वीस किलोमीटरचा होता. याहून मोठी बॅटरी म्हणजे सायकलीवर वाढलेलं वजन आणि पैसे.

एकदा पूर्ण भरायला अर्धा युनिटही वीज लागत नाही. खर्च असतो तो बॅटरी बदलण्याचा. लिथियमच्या चांगल्या बॅटरीला साधारण पाचशे वेळा पूर्ण भरता येतं, त्यानंतर तिची क्षमता जाणवण्याइतकी उतरलेली असते. नव्या बॅटरीची किंमत सायकल घेतानाच विचारावी आणि ती बॅटरी कंपनी किती वर्षं देणार, तेही.

इथे माझ्या घरात घडलेलं सांगते. चार वर्षांपूर्वी मी माझ्या सासऱ्यांसाठी अशीच एक सायकल घरपोच मागवली. खोक्यातून अर्धी जोडलेली आली, पुढचा ब्रेक सैल. मेकॅनिक पाठवतो म्हणून सांगणारा फोन पुढे कुणी उचलला नाही. सासऱ्यांनी दोनदा चालवली, मन बसलं नाही. पावसाळाभर ती माळ्याखाली उभी राहिली, बॅटरी संपलेल्या अवस्थेत. दिवाळीला चार्जर लावला तर दिवा लागेना. लिथियम बॅटरी रिकामी ठेवली की अशीच मरते. वापरायची नसेल तर अर्धी भरून, सावलीत ठेवायची आणि महिना-दीड महिन्याने पाहायची. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. आज ते नाहीत. ती सायकल आहे.

म्हणून काकांच्या बाबतीत मी हट्ट धरला की बॅटरी काढून घरात नेता आली पाहिजे. तीनेक किलोंचं ते ओझं मावशीलाही उचलतं. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार जातो. उन्हातून आलेली बॅटरी तापलेली असताना चार्जिंगला लावू नये, तासभर फरशीवर थंड होऊ द्यावी. चार्जर सायकलीबरोबर आलेलाच वापरावा. चार्जिंग जागेपणी, दारापाशी, गादी-पडद्यांपासून लांब. रात्रभर लावून झोपायची मोबाइलची सवय इथे नको.

राजगडचा पंक्चरवाला

सायकल घ्यायच्या आधी आम्ही राजगडच्या एका सायकल मेकॅनिकला भेटलो. त्याच्या दुकानाला दार नाही, वर पत्रा आहे. मी विचारलं, मागच्या चाकात मोटर असलेली सायकल पंक्चर झाली तर? त्याने ओल्या हातांनीच दाखवलं. चाक काढायची गरज नाही. टायरची एक बाजू रिमवरून उतरवायची, ट्यूब तेवढी बाहेर ओढायची, भोक शोधायचं, चिकटवायचं, आत सरकवायची. मोटरच्या वायरीला हात लावायचा नाही. "ट्यूब फाटली तर मात्र चाक काढावं लागेल, तेव्हा वायर कुठे सुटते ते दुकानातून शिकून या," तो म्हणाला. आम्ही शिकून आलो. तिथे एक जोड असतो, बाण जुळवून बसवायचा. तो मी मोबाइलमध्ये टिपून घेतला आणि त्याला नेऊन दाखवला. आता सरदारपूर-राजगड पट्ट्यात ही सायकल दुरुस्त करू शकणारा एक माणूस आहे. हमीपत्रापेक्षा मला तोच मोठा आधार वाटतो.

मावशीच्या घराला ओटा आहे, तीन पायऱ्यांचा. २२ किलोंची सायकल काका रोज उचलणार कशी? सुताराकडून दोन फळ्यांचा उतार करून घेतला. सायकलीला एक बटण असतं. ते दाबून धरलं की ती माणसाच्या चालीने आपण होऊन पुढे सरकते. उतारावर हँडल धरून बटण दाबलं की ओट्यावर चढते. दुकानात या बटणाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होतं.

म्हाताऱ्यांच्या देशातून

पायडलला मोटरचा हातभार ही कल्पना पहिल्यांदा बाजारात मोठ्या प्रमाणावर आणली जपानच्या यामाहाने, १९९३ साली. जपान तेव्हाच वेगाने म्हातारा होऊ लागला होता. नेदरलँड्समध्ये आज पासष्टीपुढची माणसं सर्रास या सायकली चालवतात, आणि तिथूनच एक इशाराही आला आहे: वयस्कांचे बरेच अपघात भरधाव जाताना होत नाहीत, ते चढता-उतरताना, अगदी थांबल्यासारख्या वेगात होतात. पुलाजवळ मी तेच पाहिलं होतं.

इंग्लंडमधल्या रेडिंग आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास छापला. पन्नाशी ते ८३ वर्षं वयाच्या माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास सायकल चालवायला दिली. काहींना साधी, काहींना मोटरची. मोटरवाल्यांना व्यायाम कमी, म्हणून फायदाही कमी, अशी आपली समजूत. पण मनाची उमेद आणि विचारांची चपळाई यांत मोटरवाले मागे राहिले नाहीत. घराबाहेर पडणं, रस्ता निवडणं, चार माणसं दिसणं यांचाही त्यात वाटा असावा, असं संशोधकांचं म्हणणं. सरदारपूरला याचा अर्थ सोपा आहे. घरात उभ्या केलेल्या व्यायामाच्या सायकलवरून मही दिसत नाही.

रस्त्यावरचं सोयाबीन

सायकल आली ती ऑक्टोबरात, म्हणजे सोयाबीन काढणीच्या दिवसांत. पहिला आठवडा शाळेच्या मैदानावर, मोटर बंद ठेवून: चढणं, दहा पायडल, थांबणं, उतरणं. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या पायरीची मदत. मान वळवून मागे बघायचं आणि तरी सायकल सरळ ठेवायची, याला काकांना सगळ्यात जास्त दिवस लागले. मान आखडलेली असते. शेवटी हँडलला आरसा लावला. हेल्मेटची सक्ती नाही, पण काका रक्त पातळ करणारी गोळी घेतात. अशा माणसाच्या डोक्याला लागलेला साधा मारही जिवावर बेतू शकतो. हेल्मेट पहिल्या दिवसापासून होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्यामागून स्कूटरवर गेले. महामार्ग टाळून, आतल्या रस्त्याने भोपावरकडे. एका वस्तीपाशी निम्मा रस्ता सोयाबीनने भरलेला. शेतकरी डांबरावर दाणे वाळत घालतात, कडेला दगड मांडतात. दगडांच्या बाहेरही दाणे सांडलेले असतात. पिवळे, गोल, सुकून टणक झालेले. टायरखाली ते छर्ऱ्यांसारखे गडगडतात. त्यावर ब्रेक दाबला की चाक आपलं राहत नाही. मोटरने ढकललं तरी तेच.

काका वीस पावलं आधीच थांबले. पुढे सरकले, दोन्ही पावलं टेकली, पाय समोरून बाहेर काढला आणि उतरले. ते बटण दाबून धरलं आणि सायकल धरून चालत पलीकडे गेले. दाणे उलथणाऱ्या बाईने विचारलं, "दादा, बिगड गई कई?"

"नहीं बेन, उतरना आता है," काका म्हणाले, आणि पुन्हा चढले.

परतताना महीचा पूल लागला. चढावर त्यांनी मदतीची पायरी एकाने वाढवली, पाय फिरवत राहिले आणि न थांबता वर गेले. पूल ओलांडून मागे पाहिलं, आरशातून.

दिवाळीच्या तोंडावर लेख पुरा करायला म्हणून मी पुन्हा दोन दिवस गेले. सायकल ओट्यावर उभी होती. सीटच्या नळीवर गुलाबी नेलपॉलिशच्या दोन बारीक रेघा ओढलेल्या. सीट वर-खाली करायची मूठ सैल केली की कुठे थांबवायची त्याच्या खुणा. वरची काकांची. खालची कुणाची, ते विचारलं नाही. मावशी देवासला मुलींच्या शाळेत सायकलने जायची, लग्न होऊन आल्यावर पुन्हा कधी बसली नव्हती, हे मला आईने कधीतरी सांगितलं होतं.

सकाळी सहाला जाग आली तर ओटा रिकामा होता. काका आत, फरशीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते.